शहाणे गिऱ्हाईक

यंदा नवरात्र सरता सरता माझ्या नातीने जाहीर केले की दिवाळीला तिला कपडे नकोत, फिल्मचा कॅमेरा हवा. ती एकोणीस वर्षांची आहे. गणपतीच्या दीड दिवसात तिच्या फोनमधून तीनशे छायाचित्रे निघतात. मी म्हटले, "मग हा उलटा प्रवास कशाला?" तर म्हणाली, "आजोबा, तीनशे काढले की एकही बघितला जात नाही. मला छत्तीसच हवेत."

मला उत्तर आवडले. आणि खरे सांगायचे तर त्याहूनही अधिक आवडली ती दुसरीच गोष्ट. या घरात जुन्या कॅमेऱ्यांविषयी मला कोणी काही विचारल्याला वीस वर्षे सहज होऊन गेली होती. निवृत्त शिक्षकाला फुकटचा विद्यार्थी सापडला की त्याचे काय होते हे ज्यांच्या घरी असा शिक्षक आहे त्यांना सांगायला नको. दुसऱ्याच दिवशी आमची शिकवणी सुरू झाली.

पहिला धडा फिल्मचा. जुन्या कॅमेऱ्याच्या रूपाला भुलण्यापूर्वी तो खातो काय ते विचारावे. पस्तीस मिलिमीटरची फिल्म आणि एकशेवीस नंबरचा रोल ही दोन अन्ने आजही मिळतात, महाग का होईना. पण सहाशेवीस आणि एकशेसत्तावीस नंबरचे रोल कोडॅकने गेल्या शतकाच्या अखेरीस बंद केले. त्या मापाचे कॅमेरे मात्र बाजारात चकचकीत चेहऱ्याने बसलेले असतात. सहाशेवीसच्या रिळावर एकशेवीसची फिल्म अंधारात गुंडाळून काम भागवता येते. पण पहिलाच कॅमेरा घेणाऱ्याने ही खटपट का करावी? त्याखालोखाल सेलचा प्रश्न. साठ-सत्तर सालच्या पुष्कळ प्रकाशमापकांना पाऱ्याचे एक पूर्णांक पस्तीस व्होल्टचे सेल लागत. पारा विषारी म्हणून ते सेल आता निघत नाहीत, आणि बदली सेलवर काटा थापा मारतो. म्हणून नवशिक्याने असा कॅमेरा पाहावा की ज्याचे शटर निव्वळ यंत्रावर चालते आणि सेल मेला तरी काम अडत नाही. पेन्टॅक्स के-१००० हा त्या जातीचा. १९७६ पासून १९९७ पर्यंत तो निघत राहिला, आणि जगभरच्या कितीतरी विद्यार्थ्यांचे हात त्याच्यावर बसले.

दुसरा धडा कानाचा. शटरचा वेग एका सेकंदावर लावायचा, चाप दाबायचा आणि मनात 'एक हजार एक' म्हणायचे. तेवढ्यात शटर मिटले तर ठीक. कण्हत कण्हत मिटले किंवा अर्ध्यावर अडकले, तर आतले वंगण गोंदासारखे झाले आहे असे समजावे. विक्रेते नेहमी पाचशेव्या भागावर शटर उडवून दाखवतात. जलद वेगात रोग कळत नाही, तो सावकाशीत कळतो.

तिसरा धडा डोळ्याचा, आणि आपल्याकडे हाच सगळ्यांत महत्त्वाचा. मागचे झाकण उघडावे, लेन्सचे तोंड पूर्ण उघडे ठेवावे आणि एका बाजूने तिरपा विजेरीचा झोत टाकावा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी. मुंबईचे आणि कोकणचे चार महिने पावसाचे असतात. चामड्याच्या बंद केसमध्ये, कपाटाच्या तळाशी, प्रेमाने जपून ठेवलेल्या कॅमेऱ्यालाच ती अधिक लागते. जो गळ्यात मिरवत उन्हातान्हात हिंडला तो बहुधा वाचतो. काचेत धुळीचे चार कण असले तर लोक तोंड वाकडे करतात, आणि काचेवर धुक्याचा पातळ पडदा असला तर त्यांच्या लक्षातही येत नाही. वास्तविक धूळ निरुपद्रवी, धुके घातक. कापडी पडद्याच्या शटरात सुईच्या टोकाएवढी भोके असतात. कोणीतरी कधीकाळी लेन्सचे तोंड सूर्याकडे करून कॅमेरा ठेवलेला असतो आणि पडदा जळलेला असतो. उजेडाकडे धरून ते पाहावे. घडीच्या कॅमेऱ्याचा भाता अंधाऱ्या खोलीत आतून विजेरी लावून पाहावा. झाकणाच्या कडेचा स्पंज डांबरासारखा चिकट झाला असेल तर मात्र घाबरू नये. तो थोडक्यात बदलून मिळतो आणि घासाघीस करायला बरा पडतो.

एवढी विद्या देऊन मी तिला मुंबईच्या चोरबाजारात घेऊन गेलो. (पुण्याचा जुना बाजार मला प्रिय आहे, पण परीक्षा मुंबईलाच द्यावी.) मटन स्ट्रीटवर एका टपरीत तिला 'लायका' दिसला: सोनेरी रंगाचा, वर जर्मन गरुड कोरलेला. मी गप्प राहिलो. तिने शिकवल्याप्रमाणे लेन्स फिरवून काढली, आत डोकावली आणि माझ्याकडे पाहून हसली. अस्सल लायकात त्या ठिकाणी एक इवलेसे चाक असते; इथे पाचरीसारखी जीभ होती. तो रशियन होता, फेड किंवा झोर्की. फेडची कथा तिला गाडीत सांगितली होती. खारकोव्हला अनाथ मुलांच्या एका वसाहतीत १९३४ पासून लायकाबरहुकूम हे कॅमेरे बनू लागले. गरीब घरचा, पण कामाला वाईट नव्हे. कोणीतरी पुढे त्याच्या अंगावर सोने चढवले, खोटा गरुड कोरला आणि एका प्रामाणिक वस्तूला खोटे बोलायला लावले. मला नेहमी वाटते की अशा लबाडीत गिऱ्हाइकाच्या आधी त्या बिचाऱ्या कॅमेऱ्याची फसवणूक होते.

पण तिला राग आला तो दुसऱ्याच एका दुकानात. एक जपानी कॅमेरा तिला मनापासून आवडला होता. किंमतही बेताची. तिने विचारले, "चालतो का?" दुकानदार म्हणाला, "सेल नाही ना, म्हणून तपासलेला नाही. चालायला हवा." तिने स्वतःच्या पिशवीतून सेल काढला. तोही मी बरोबर घ्यायला लावला होता. तेव्हा त्या गृहस्थाचा चेहरा क्षणभर असा झाला की सेल घालण्याची गरजच उरली नाही. तरी घातला. काटा मेलेला होता.

परतीच्या गाडीत ती धुमसत होती. "त्याला माहीत होतं, आजोबा. नक्की माहीत होतं, आणि गप्प बसला."

मी तिला समजावू लागलो. 'तपासलेला नाही' हे शब्द मोठे मजेदार आहेत. पुष्कळदा त्यांचा अर्थ 'तपासला, पण ते मी सांगणार नाही' असा असतो. आणि कधीकधी ते अक्षरशः खरेही असतात. ज्या दुकानात शेकडो कॅमेरे येतात-जातात तिथे एक सेल ठेवलेला नसतो, कारण सेल ठेवला तर कळेल, आणि कळले तर सांगावे लागेल. न कळण्याची अशी तजवीज करून ठेवणाऱ्याला अज्ञानी म्हणावे की लबाड? मी त्याला लबाडच म्हणतो. पण आपल्या जुन्या स्मृतिकारांनी गिऱ्हाइकालाही मोकळे सोडलेले नाही, हेही मी तिला सांगितले. नारदस्मृतीत माल पारखून घ्यायच्या मुदती दिल्या आहेत: दुभत्या जनावराला तीन दिवस, ओझ्याच्या जनावराला पाच, मोती-हिरे-पोवळ्यांना सात, बियाण्याला दहा आणि लोखंड व कापड यांना एक. आणि वापरलेले, मळलेले वस्त्र विकत घेतले तर? त्यात दोष असला तरी ते विकणाऱ्याकडे परत जात नाही. जुना माल घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावा, हे सांगायला चोरबाजार वसेपर्यंत कोणी थांबले नव्हते. मनूने मात्र घेणाऱ्याला आणि देणाऱ्याला, दोघांनाही पस्तावण्यासाठी दहा दिवस दिले आहेत. आणि दोष झाकून माल विकू नये असेही बजावले आहे.

"म्हणजे गप्प बसणं चूक की बरोबर?" ती म्हणाली. आजकालची मुले मुद्दा सोडत नाहीत.

मी तिला आपल्या १८७२ च्या करार कायद्यातले घोड्याचे उदाहरण सांगितले. रूक्ष कायद्यात अशी सुंदर गोष्ट सापडेल असे कोणाला वाटणार नाही. एक मनुष्य खोड असलेला घोडा लिलावात विकतो आणि खोडीविषयी काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नव्हे. पण घेणारी व्यक्ती त्याचीच नुकती वयात आलेली मुलगी असेल, तर तिला सांगणे त्याचे कर्तव्य. आणि घेणारा म्हणाला की 'तू नाही म्हणाला नाहीस तर मी घोडा निर्दोष समजेन', आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणे हेच बोलणे. मौन एकच, पण समोर कोण आहे आणि त्याने काय विचारले आहे यावर त्याची जात बदलते. शिवाय दोघेही व्यापारी असतील तर एकाला ठाऊक असलेली भावातली चढउतार त्याने दुसऱ्याला सांगायलाच हवी असे नाही, हेही तिथेच म्हटले आहे.

लोणावळा येईपर्यंत ती विचार करीत होती. मी आपल्या व्याख्यानावर खूष होतो.

कॅमेरा मिळाला नव्हताच. घरी आल्यावर मला उदारपणाची लहर आली. मी कपाटातून माझा रोलाइफ्लेक्स काढला आणि तिच्यापुढे ठेवला. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: हा दोन डोळ्यांचा कॅमेरा. वरच्या डोळ्याने आपण पाहायचे, खालच्याने चित्र घ्यायचे. जर्मनीत ब्राउन्श्वाइगला १९२९ पासून हे निघू लागले, आणि पुढे जगभरचे व्यावसायिक छायाचित्रकार ते वापरीत. माझा कॅमेरा आजही एका सेकंदाला 'एक हजार एक' म्हणतो. आणि कॅमेरा काढला की पाठोपाठ त्याची गोष्ट निघते, तशी ती निघाली. दर दिवाळीला, फराळाच्या ताटावर, निदान तीस वर्षे मी ती सांगत आलो आहे.

साल १९८६. मी शाळेत नोकरीला होतो. पुस्तकांसाठी जुने कपाट हवे होते. नारायण पेठेतल्या एका वाड्यात एक बाई सामान काढीत आहेत असे कळले. यजमान वर्षापूर्वी गेले होते, मुलगा बडोद्याला बँकेत होता, आणि त्या बिऱ्हाड मोडून त्याच्याकडे चालल्या होत्या. कपाट तीनशेला ठरले. वरच्या कप्प्यात तपकिरी चामड्याची केस होती. "हाही न्या हवा तर," बाई म्हणाल्या. "ह्यांचा होता. काय द्यायचं ते द्या." मी केस उघडली, शटर उडवले. तसाच कॅमेरा मुंबईच्या एका दुकानात मी तीन हजारांना पाहिला होता. मी शंभर रुपये दिले आणि कपाट हातगाडीवर चढवले. तीन हजारांचा माल शंभरात! इथे सगळे हसतात. 'मास्तर मोठे पक्के गिऱ्हाईक', असे कोणीतरी म्हणते, आणि मी चकलीचा तुकडा मोडतो.

नात हसली नाही. तिने विचारले, "त्या आजींनी तुम्हाला काही विचारलं होतं का?"

मला 'नाही' म्हणता आले असते. तीस वर्षे गोष्ट त्या प्रश्नावाचूनच सांगितली गेली होती. पण सकाळपासून मीच घोड्यांच्या गोष्टी सांगत होतो. बाईंनी विचारले होते. केस माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या होत्या, "तुम्हाला कळतं का हो ह्यातलं काही?" मी मान हलवली होती. आपली मान अशी आहे की तिचा होकारही निघतो आणि नकारही. आणि मग म्हणालो होतो, "जुना आहे." हे वाक्य अक्षरशः खरे होते, चोरबाजारातल्या त्या 'तपासलेला नाही' इतकेच. मी त्यांच्या हातावर चारशे रुपये ठेवले, तर त्यांनी दहाची नोट परत केली. "हमालाला लागतील," म्हणाल्या. गोष्ट सांगताना ती दहाची नोटही मी नेहमी गाळतो.

माझ्या बाजूने बोलायला काही नाही असे नाही, आणि ते मी स्वतःशी पुष्कळदा बोललो आहे. कॅमेऱ्याचे नाव कपाळावरच कोरलेले होते. मी काही झाकले नव्हते. किंमत ओळखण्याची विद्या मी दुकानांच्या काचांना नाक लावून लावून मिळवली होती. विद्येला फळ नसावे काय? सगळ्या पारख्यांनी आपली पारख आधी मोठ्याने सांगायची ठरवली तर जुनी पुस्तके, जुनी भांडी, जुनी चित्रे यांचा व्यापार एका दिवसात बसेल, आणि जाणकार तयार व्हायचेच बंद होतील. हे सगळे मला आजही खरे वाटते. रद्दीवाल्याच्या तराजूत उद्या मला असा कॅमेरा दिसला तर मी तो त्याच्या भावाने घेईन आणि रात्री शांत झोपेन. तो आणि मी दोघेही बाजारात उभे आहोत. तो मला तोलतो, मी त्याला. पण बाई बाजारात उभ्या नव्हत्या. त्या आपल्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, आणि त्यांनी विचारले होते. विचारणे म्हणजे आपला तराजू समोरच्याच्या हातात देणे.

दोन हजार वर्षांपूर्वी सिसेरोने आपल्या अथेन्सला शिकणाऱ्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात क्विन्टस स्केव्होला नावाच्या एका रोमन गृहस्थाची हकिकत आहे. त्याला एक जमीन घ्यायची होती. त्याने मालकाला सांगितले, एकदाच काय ती किंमत बोल. मालकाने बोलली. स्केव्होला म्हणाला, मला ती जास्त मोलाची वाटते; आणि त्याने एक लाख सेस्टर्स वर घातले. हे चांगल्या माणसाचे काम, असे सगळे म्हणतात, सिसेरो सांगतो, पण शहाण्या माणसाचे नव्हे असेही म्हणतात. आणि चांगली माणसे एक व शहाणी माणसे दुसरी असे लोकांनी धरून चालावे हाच त्याला सगळा अनर्थ वाटतो. मी हे पूर्वी वाचले होते, खाली रेघही मारली होती. पुस्तक त्याच कपाटात होते.

तीन आठवडे मी नातीला शहाणे गिऱ्हाईक व्हायला शिकवत होतो. विजेरी कशी धरावी, कान कसा द्यावा, विक्रेत्याचे मौन कसे ओळखावे. माझ्या ध्यानात आले नव्हते ते एवढेच, की ही सगळी विद्या ढालीसारखी शिकवता येते आणि हातात आल्यावर ती ढाल राहीलच असे नाही. ज्या विजेरीने आपली फसवणूक टळते, तीच समोरच्या अंधारात काय पडले आहे ते आपल्या एकट्यालाच दाखवते.

आता राहिलेली गोष्ट. ती मी कोणालाच सांगितली नव्हती, हिलाही त्या दिवशी नाही. दोन दिवसांनी सांगितली. कॅमेऱ्यात रोल होता. बारातले आठ फोटो काढलेले. मी तो न्हाणीघरात अंधार करून स्वतः धुतला. पाच आले, फिकट. वाड्याच्या चौकात तीनचाकी सायकलवर एक मुलगा, तीनदा. तुळशीपुढे रांगोळी काढणाऱ्या बाई, पाठमोऱ्या. आणि शेवटचा एका वृद्ध गृहस्थांचा. खुर्चीत बसलेले, खांद्यावर शाल, दिवस उन्हाळ्याचे असून. हा फोटो तिरका आहे. काढणाऱ्याचा हात सरावाचा नव्हता. कोणी काढला असेल हे समजायला फार डोके लागत नाही.

बाई अजून दोन महिने पुण्यात होत्या. वाडा माझ्या शाळेच्या वाटेवर होता. पाकीट नेऊन द्यायला दहा मिनिटे लागली असती. पण ते दिले की कॅमेरा चालतो हे सांगावे लागणार होते, आणि मग मी त्या दिवशी मान कशी हलवली होती तेही. दर सकाळी मी पलीकडच्या गल्लीने जाऊ लागलो. पैशाच्या बाबतीत अजूनही माझी दोन मने होऊ शकतात. या पाकिटाच्या बाबतीत होत नाहीत.

नातीने कॅमेरा घेतला. वाचकांना कदाचित वाटले असेल की ती तो नाकारील. तसे काही झाले नाही. तिने एकशेवीसचा रोल आणला, आणि बारा फोटोंपैकी चार वसुबारसेपर्यंत वापरलेही. मात्र त्या पाच निगेटिव्ह तिने माझ्याकडून मागून घेतल्या, संगणकावर चढवून स्वच्छ केल्या आणि मोठ्या कागदावर छापून आणल्या. वाड्याच्या जागी आता सात मजली इमारत आहे. तिथे कोणाला काही माहीत नाही. केसच्या आत शाईने लिहिलेले यजमानांचे नाव आहे. बडोद्याला माझा एक जुना विद्यार्थी राहतो. त्याला ते नाव आणि बँकेची हकिकत लिहून पत्र टाकले आहे. बाई आता असणे कठीण; मुलगाही निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली असतील. पण सायकलवरचा तो मुलगा चाळिशीतला असेल. फोटोत त्याच्या पायात एकच चप्पल आहे आणि तो कॅमेऱ्याकडे न पाहता, कॅमेरा धरणाऱ्याकडे पाहून हसतो आहे.